गेटाकडं तोंड केलेला कट्टा

उचगाव,
१२ ऑगस्ट २००३

दादा,

मी मोना. हितं सगळी बरी हायत, भोरी सोडून. तू गेल्यापास्नं ती निम्मी वैरण तशीच टाकतीया. रस्त्यावरनं कुठली बी फटफटी गेली की मान वर करून बघतीया, आपली न्हाय म्हटल्यावर परत खाली घालतीया. म्हशीला एवढं कळतंय, हे तुला सांगावं म्हणून लिवलं. बाकी काय न्हाय.

शालूबाईच्या घरी तुझा फोन आलता तवा मी काय बोललो न्हाय म्हणून रागावू नकोस. शालूबाई फोनच्या स्टुलाला चिकटून बसलेली, तिची सून दारात, नातू वायर वडत. मला आधीच चार माणसांत तोंड उघडाय येत न्हाय. शाळा तरी कशापायी सुटली? आठवीत सगळ्यांम्होरं वाचायचं म्हटलं की घशात कापूस कोंबल्यागत व्हायचं. बाई रोज वाचाय लावायच्या, मी रोज गप राहायचो, शेवटी जायचंच बंद केलं. पण लिवताना मला काय हुईत न्हाय बघ. लिवताना कोण बघत न्हाय.

तर सांगायचं म्हंजे, आपलं घराम्होरलं आवार जायला निघालंय. तू जितं गॅरेज काढतो म्हणालतास आणि आबा म्हणालतं, "मग म्हशी काय तुझ्या डोक्यावर बांधू?", त्या जागंवर आता नुसतं गाजरगवत वाढलंय. तू भोसरीला गेल्यापास्नं आबा तिकडं फिरकतच न्हाईत, मागल्या दारानं जात्यात येत्यात. परवा गुंडू टेम्पोवाला आला. म्हणाला, "आबा, मोकळंच पडलंय तर माझा टेम्पो लावतो की. शिमिट मीच टाकून घेतो."

आबा म्हणालं, "लाव जा. आता कुणासाठी ठिवायचंय?"

मी दारात शेंगा निवडत बसलतो. आणि दादा, मला काय झालं कुणास ठाऊक, माझ्या तोंडातनं निघालं, "मला द्या."

सगळी माझ्याकडं बघाय लागली. आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

आबा म्हणालं, "काय करणार गं तू?"

"बाग."

"भाजी लावणार व्हय?"

"न्हाय. बसायची बाग."

आबा हसलं. तू गेल्यापास्नं पहिल्यांदा हसलं, म्हणून मी वाईट वाटून घेतलं न्हाय. म्हणालं, "बसायला गोठ्यात म्हस बसतीया की. बरं, घे. दिवाळीच्या पाडव्यापतोर घे. तवर तितं माणूस येऊन बसाय लागलं तर जागा तुझी. नुसती झुडपं वाढली तर गुंडूचा टेम्पो."

गुंडू म्हणाला, "मग मी शिमिट सांगूनच ठिवतो."

असं हाय. दर पाडव्याला भोरी जिच्यामागं पळती ती तुझी यझदी फटफटी आवारातच हाय, पोत्याखाली. तिला मी हात लावला न्हाय. तुझ्या कंपनीत म्होरं बाग हाय म्हणालतास न्हवं? कशी हाय ते कळीव. तू ये असं मी म्हणत न्हाय.

मोना


३ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र आलं न्हाय. पण मी काय वाट बघत बसलो न्हाय, काम लई हाय.

गाजरगवत उपटलं. अंगाला ती खाज सुटली की आईनं खोबरेल लावून मला पापडागत उन्हात बसवलं. मग पयलं काम पाण्याचं केलं. धुण्याच्या दगडाचं पाणी वाहत रस्त्यावर जायचं आणि शालूबाई रोज सकाळी त्यावरनं आईशी भांडायची, तुला म्हाईतच हाय. मी चर मारून ते पाणी कुंपणाच्या कडंनं फिरवलं आणि तितं केळी आणि अळू लावलं. आता रस्त्यावर थेंब जात न्हाय. तर आई मलाच म्हणतीया, "भांडण मिटवून ठिवलंस गं बये, आता सकाळी मी शालूबाईशी बोलू काय?"

सगळ्यांस्नी कळलंय मी बाग करालोय म्हणून. जो तो दारात येऊन सांगून जातोय. शालूबाई म्हणाली, "शिमिटाचा हंस बसीव. माझ्या भाचीच्या बंगल्यात हाय सांगलीला. पाठीत भोक असतंय, त्यात गुलाब लावायचा." हंसाच्या पाठीत गुलाब. मी मान हलवली. आईला वाळवण घालायला जागा पायजे, आणि कढीपत्ता. गुंडू रोज जाता जाता थांबतो आणि म्हणतो, "मोने, मधोमध एक झाड सोड हां, टेम्पोला सावली पायजे."

सरपंचांच्या घरात टाईल बसवली, त्यांची जुनी शहाबादी फरशी उकिरड्याकडंला पडलीती. मी आणि आईनं ती एकेक करून डोक्यावर आणली. गोठ्यामागचं दगड आणलं, माती कालवली आणि कट्टा बांधला. पार मागं, शेवग्याखाली, भिंतीला लागून. लई विचार करून ती जागा धरली. तितनं रस्ता दिसत न्हाय आणि रस्त्यावरनं आपण दिसत न्हाय. मी एकटा तासभर बसलो तितं. एवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

पण दुसरं कोण बसंना. आईला बोलावलं तर ती उभ्या उभ्याच म्हणाली, "छान हाय," आणि भाकरी टाकाय गेली. शेवटी आबा आलं. बसलं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि म्हणालं, "हितं बसून काय भिंत बघायची?" आणि तेवढ्यात शेवग्यावरनं सुरवंट पडला, सदऱ्याच्या आत. दादा, आबा एवढं नाचल्यालं मी गणपतीत पण बघितलं न्हाय.

त्यामुळं कट्टा हाय, पण बसणारं कोण न्हाय. तुला काय सुचतंय का बघ.

आबा तुझी आठवण काढत न्हाईत. फक्त पोस्टमन आला की मागल्या दारातनं म्होरल्या दारात येत्यात.

मोना


२१ सप्टेंबर

दादा,

आज एक नवल झालं. आपल्या आवारात काईल आली!

गणपतरावांच्या गुऱ्हाळावर गूळ शिजवायची जुनी काईल पडलीती न्हवं का, तळाला भोक पडल्याली, जिच्यात आपण ल्हानपणी नाव नाव खेळायचो? ती. मला लई दिसापास्नं वाटत हुतं की बागंत पाणी पायजे. नुसत्या झाडाकडं किती बघणार माणूस? पाणी असलं की बघत बसतंय. पण गणपतरावांस्नी विचारणार कसं? त्यांच्या दारापतोर गेलो आणि परत आलो. परत गेलो. शेवटी त्यांच्या घरातल्या चिमणाबाईंनीच मला बघितलं आणि वरडल्या, "अहो, आबांची पोरगी मघाधरनं दारात यायलीया आणि जायलीया, बघा काय पायजे!" मी म्हणालो, "काईल." एवढंच. गणपतराव म्हणालं, "ने की. म्या भंगारात घालणार हुतो. पण नेणार कशी, काखंत मारून?"

तालमीतली पोरं आली. उभी करून चाकागत घरंगळत आणली. सगळ्या गल्लीत ठण ठण ठण. कुत्री पळाली, शालूबाईची सून दळण टाकून बघाय आली. आणि दाराशी आल्यावर कळलं की आपलं गेट ल्हान हाय. काईल काय आत जाईना. एक पोरगा म्हणाला, "गेट मोडूया." आबा गोठ्यातनं वरडलं, "गेटाला हात लावंल त्याला काईलीत घालून शिजवीन!" मग सगळ्यांनी मिळून कुंपणावरनं उचलून आत टाकली. आईसाठी लावलेला कढीपत्ता मेला त्यात.

भोक तुझ्या डब्यातल्या एमसीलनं बुजवलं. तुझ्या डब्यातलं घेतलं म्हणून सांगतोय, म्हंजे नंतर म्हणायचं न्हाय. कळंब्याच्या मावशीनं कमळाचं गड्डं दिलं, ते मातीच्या पाट्यांत लावून आत सोडल्यात. पाणी भरलं तर आभाळ दिसाय लागलं त्यात. आई म्हणाली, "अगं बाई, एवढ्या मोठ्या कढईत आमटी किती हुईल!"

भोरी दावणीतनं काईलीकडं बघत असती. बिचारीला पण बाग आवडली वाटतं.

मोना


६ ऑक्टोबर

दादा,

बिचारी काय न्हाय. बागेचं वाटोळं केलं तिनं. ऐक.

काल दसरा. सकाळी आई म्हणाली, "गाडीची पूजा करायची का न्हाय?" आबांनीच जाऊन यझदीवरचं पोतं काढलं. धुतली, टाकी फडक्यानं पुसली. झेंडूचा हार घातला तो केवढा, स्वतःच्या सायकलीला आपला एक ल्हानसा. मी बघत हुतो म्हटल्यावर म्हणालं, "फुलं जास्त आणली गेली."

संध्याकाळी लोकं सोनं द्याय आली. आवारात हीऽ गर्दी. मी आपला स्वयंपाकघरातनं बघत हुतो. तेवढ्यात दावं तुटल्याचा आवाज. भोरी सरळ आली, कुणाकडं बघितलं न्हाय, काईलीत एक पाय घातला, दुसरा घातला आणि बसली. धबाक् करून. पाणी सगळं सोनं घेऊन आलेल्यांच्या अंगावर. बसल्या बसल्या तिनं कमळाचं एक पान तोंडात घेतलं आणि डोळं मिटून चावत राहिली.

मग काय गोंधळ! आबा वरडालेत, "ऊठ! ऊठ गं!" गुंडूनं शिंगाला दोरी लावून वडलं, तर दोरीच हातात आली आणि गुंडू अळवात. शालूबाई म्हणाली, "शेपटी पिळा." गणपतराव म्हणालं, "पेंड दावा." पेंड दावली, तिनं मान लांब करून खाल्ली आणि परत डोळं मिटलं. सगळ्यांनी मिळून रेटलं, तर काईल हलली, भोरी न्हाय.

मला एकदम सुचलं. पण त्यासाठी सगळ्यांच्या मधनं जायला पायजे हुतं. गेलो. आबांस्नी म्हणालो, "आबा, यझदीची चावी कुठं हाय?" मला वाटलं कपाटात शोधाय लागंल. आबांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि काढून दिली.

तू जाताना ताटाशेजारी टाकलेली चावी, दादा. त्या खिशात ती कधीपास्नं हाय, मी विचारलं न्हाय.

मी कीक मारली. न्हाय झाली. परत मारली. कोण तरी हसलं. मग मी तू मारतोस तशी, अंगाचा सगळा भार टाकून मारली, आणि सुरू झाली! तुझी ती सायलेन्सरची पुंगळी काढलेली गाडी, सगळं उचगाव दणाणलं. भोरी अशी उठली की पाणी उरलंच न्हाय आत. शिंगात कमळाचा वेल घेऊन पळत आली. गाडीपाशी आली. सीट हुंगली. हँडल हुंगलं. मला हुंगलं. मग गेटाकडं बघत उभी राहिली.

 आबा म्हणालं, "बंद कर ती. डोळ्यात धूर जातोय." आणि घरात गेलं. धूर माझ्याकडं येत हुता दादा, वारं तिकडनं हुतं.

कमळं गेली. पाट्या फुटल्या. मी रडलो थोडा, खोटं कशाला सांगू. पण नंतर एक गोष्ट ध्यानात आली. ही सगळी माणसं तासभर आपल्या आवारात हुती आणि बसलीती! कोण काईलीच्या काठावर, कोण धुण्याच्या दगडावर, गणपतराव तर उलट्या बादलीवर. माझ्या कट्ट्यावर मात्र कोण न्हवतं. सगळ्यांची तोंडं भोरीकडं आणि रस्त्याकडं.

मी बाग मला लपाय यावं म्हणून केलीती. माणूस काय लपायला बसत न्हाय.

मोना


१४ ऑक्टोबर

दादा,

कट्टा मोडला. परत बांधला.

आता गेटाजवळ, कडुलिंबाखाली हाय, रस्त्याकडं तोंड करून. मातीत शेण कालवून लिंपला, वरनं फरशी. पाठ टेकायला मागं जुनं जातं उभं केलंय. उजवीकडं भोरीची काईल. व्हय, काईल आता भोरीचीच. तिच्याशी कोण भांडणार? चढाय-उतराय तिला दोन्हीकडनं सपाट दगड लावून दिल्यात. तिचं घाण झालेलं पाणी रोज केळीला सोडतोय, केळी अशी उठलीया की बघत राहावं. कमळाचं एक गड्डं वाचलंतं, ते तेलाच्या कापलेल्या पिपात लावलंय, उंचावर, भोरीचं तोंड पोचणार न्हाय असं. मांडवावर दोडका सोडलाय. आईला वाळवणाला फरशी ठिवलीया. शालूबाईला हंस न्हाय म्हणून सांगितलं, तर तिनं स्वतःच एक शिमिटाचं बदक आणून दिलं. चोच मोडलीया. ठिवलंय दारात.

पण आबा म्हणालेत ते अजून झालं न्हाय, दसऱ्याच्या गोंधळातलं बसणं ते धरत न्हाईत. लोकं भोरीला पाण्यात बघाय येत्यात, उभी राहत्यात, हसत्यात आणि जात्यात. परवा मी आबांस्नी म्हणालो, "येत्यात की माणसं." आबा म्हणालं, "उभं राहणं म्हंजे बसणं न्हवं." आणि गुंडूनं शिमिटाची पोती आणून त्याच्या सोप्यात रचून ठिवल्यात. पाडवा तर आलाच.

ह्या पत्रात आवाराचं चित्र काढून घातलंय. ते बघ. डावीकडं चुन्यानं आखल्याली चौकोनी जागा मोकळी ठिवलीया, तितं मी काय लावलं न्हाय. तितं 'दादा' असं लिवलंय. तुला अजून गॅरेज काढायचं असंल तर जागा हाय. आबास्नी मी सांगितलं न्हाय, पण त्यांनी बघितलंय. त्या चुन्यावर भोरीला पाय देऊ देत न्हाईत.

चित्रात काय चुकलं असंल तर कळीव. बोलाय जमत नसंल तर बोलू नकोस. मला पण जमत न्हाय.

मोना


२२ ऑक्टोबर

दादा,

पोचलं!

पाकीट आबांनीच घेतलं पोस्टमनकडनं. फोडलं न्हाय, माझ्या हातात दिलं आणि तिथंच कायतरी शोधल्यागत करत उभं राहिलं. मी फोडलं. आत पत्र न्हाय. माझंच चित्र. त्यावर तू लाल पेनानं कंपनीतल्यागत बाण काढल्यात. कट्ट्यावर एक बरोबरची खूण. काईलीवर तर एवढी मोठी भोरी काढलीयास, ती म्हशीपेक्षा डुकरासारखी दिसतीया, सांगून ठिवतो. चुन्याच्या चौकोनात लिवलंयस, "आधी सावली, मग शेड. हितं आंबा लाव." आणि गेटावर लाल रेघ मारून, "हे रुंद कर. गाडी आणि भोरी एका टायमाला भाईर निघाय पायजेत."

मी आबांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला. किती येळ बघत हुतं ते. आई म्हणाली, "काय लिवलंय वो?" आबा म्हणालं, "गेट ल्हान हाय म्हणतोय."

"मग?"

"मग काय? हायच की ल्हान."

आज सकाळी मी उठलो ते पहारीच्या आवाजानं. आबा गेटाचा खांब पाडालेत! ज्या गेटाला हात लावला तर पोरांस्नी शिजवणार हुते ते. घाम पुसत मला म्हणालं, "बघतीस काय, दगड उचल."

पण एक लफडं झालंय. गुंडू आला, बघितलं आणि त्याला वाटलं टेम्पो आत यायसाठीच गेट रुंद करालेत. एवढा खूश झाला, म्हणाला, "आबा, एवढा तरास कशाला घेतला, मी केलं असतं की!" आणि आबांनी त्याला न्हाय पण म्हटलं न्हाय. मी विचारलं तर म्हणालं, "शब्द म्हंजे शब्द. माणूस बसलं तर तुझी, न्हायतर त्याची. बसलंय का कोण?"

न्हाय बसलं. पाडवा चार दिसांवर, फराळ सुरू हाय. मी चकल्या पाडताना पण गेटाकडंच बघतोय.

मोना


२९ ऑक्टोबर

दादा,

तू आलास, भोरीची शिंगं रंगवलीस, भाऊबीजेचं ओवाळून घेतलंस आणि एस्टीत बसून गेलास. ओवाळणीत बहिणीला पाण्याची पाईप देणारा भाऊ सगळ्या उचगावात तूच. पण पाईप झकास हाय, पार केळीपतोर पोचती.

आबा आणि तू काय बोललासा ते मी ऐकलंय. "जेवलास?" "न्हाय." "मग जेव की." एवढंच. आई म्हणतीया, ह्यांचं भांडण पण एवढंच थोडक्यात झालं असतं तर बरं झालं असतं.

पण पाडव्याला तू माळावर गेलतास तवा हितं आवारात काय झालं ते तुला कुणी नीट सांगितलं न्हाय. शालूबाईनं सांगितलं असंल, तर त्यातलं निम्मं खोटं हाय. तू यझदी काढलीस, भोरी घुंगरं वाजवत तुझ्यामागनं सुटली, दोघं एका टायमाला त्या रुंद गेटातनं भाईर पडला, आणि आबासकट सगळी तुमच्यामागं माळावर पळाली. आवारात मी एकटा.

तेवढ्यात गुंडू आला. खांद्यावर शिमिटाचं पोतं.

"कुठं गेली सगळी?"

"म्हशी पळवायला."

"यील की आबा. तवर थांबतो." आणि पोतं उतरवून कट्ट्यावर बसला. जात्याला पाठ टेकली. पाय लांब केलं. तितनं माळावरचा रस्ता दिसतोय न्हवं, परत येणाऱ्या सगळ्या म्हशी तिथनंच जायच्या. एक गेली, गुंडू म्हणाला, "ही बघ पाटलाची, शिंगं बघ कसली!" दुसरी गेली. मी लाडू-चिवडा दिला. त्यानं मांडी घातली. मग त्याला बघून गणपतराव आलं, बसलं. त्यांच्याबरोबर नेसरीचं कोण पावणं हुतं, ते पण बसलं. शालूबाईला जागाच न्हाय, तिनं घरातनं फोनचं स्टूल आणलं! फोन वाजत हुता तरी गेली न्हाय ती.

पावण्यांनी विचारलं, "ही बाग कुणी केली?"

शालूबाईनं तोंड उघडलंतं. मी म्हणालो, "मी."

मोठ्यांदा म्हणालो, दादा. घशात कायसुदिक आलं न्हाय.

आबा परत आलं तवा कट्टा भरलाता. आबा म्हणालं, "गुंड्या, ऊठ. ती माझी बसायची जागा हाय."

गुंडू म्हणाला, "थांबा की आबा. आत्ताच कुठं बसलोय." आणि आणखी एक लाडू उचलला.

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग गुंडूकडं. मग पोत्याकडं. म्हणालं, "मोने, माणूस बसलं की गं."

गुंडूला जरा येळानं कळलं. लाडू तोंडात तसाच. "आबा, हे बरोबर न्हाय! मी बसाय आलतो, म्हंजे टेम्पोचं बोलाय आलतो!" सगळी एवढी हसली की तो पण हसाय लागला. टेम्पो आता गणपतरावांच्या गुऱ्हाळामागं लावतोय. आणि आणल्याल्या शिमिटानं आबांनी कट्ट्याची धार पक्की करून घेतली, गुंडूच्याच हातानं. तो रोज येऊन बघतोय, तडा गेलाय का. बघतो म्हणतोय आणि बसतोय.

आंबा लावला, तुझ्या चौकोनात. आबांनी खड्डा काढला, गुडघ्यापतोर पुरे म्हटलं तर कमरंपतोर काढला.

आता शेवटचं. तुझी एस्टी गेली आणि आमी घरी आलो तर भोरी काईलीत बसल्याली. शिंगांचा रंग सगळा पाण्यात. धारंची येळ झालेली. आईनं हाक मारली, आबांनी पेंड दावली, न्हाय उठली. मी यझदीकडं गेलो आणि हात म्होरं केला, "आबा, चावी."

आबांनी खिशावर हात ठिवला. म्हणालं, "नको. सारखं सारखं तिला फशीवायचं न्हाय. उठंल की आपली आपण. घाई कशाला?"

धार लई उशिरा निघाली. तवर सगळ्यांनी कोराच चहा प्याला, गुंडूनं पण. आबा कप घेऊन कट्ट्यावर बसलं, आणि कप रिकामा झाला तरी उठलं न्हाईत. गेटाकडं बघत हुते.

कट्ट्याचं तोंड तिकडंच हाय.

मोना